लाकूड, आग आणि अकरा भिक्षू

२६ जानेवारी १९४९च्या सकाळी जपानच्या नारा प्रांतात, इकारुगा या गावी, होर्यूजी मंदिराच्या मुख्य पूजागृहाला आग लागली. या पूजागृहाला कोन्दो म्हणतात, आणि जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींमध्ये त्याची गणना होते. आतल्या भिंतींवर बारा मोठी चित्रं होती, बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीची. आग विझली तेव्हा भिंती उभ्या होत्या, पण रंग गेले होते. उरल्या फक्त करड्या, काळपट आकृत्या.

कोन्दो त्या वेळी दुरुस्तीसाठी उकलायला घेतला होता. वरचा मजला उतरवून झाला होता, मूर्ती दुसरीकडे नेलेल्या होत्या. ते सगळं वाचलं. चित्रं मात्र जागेवरच होती, कारण त्यांच्यासमोर बसून त्यांच्या नकला करण्याचं काम १९४०पासून चालू होतं. मूळ चित्रांना झळ लागू नये म्हणून त्या कामासाठी फ्लुरोसंट दिवे आणले होते. जपानमध्ये अशा दिव्यांचा प्रत्यक्ष कामात झालेला हा अगदी सुरुवातीचा वापर. एवढी काळजी घेतलेली. पण जानेवारीतली थंडी कडाक्याची असते आणि बसायला विजेवर तापणाऱ्या गाद्या होत्या. आग तिथूनच लागली, असं पुष्कळांचं मत आहे. जपायला बसलेल्या माणसांच्या बैठकीखालूनच आग निघाली असेल, तर त्या माणसांनी पुढचं आयुष्य कसं काढलं असेल, हा विचार मला होर्यूजीच्या आवारात फिरताना सोडत नाही.

अजिंठा पाहिलेल्या माणसाला ही हकिकत परकी वाटणार नाही. कोन्दोच्या सहाव्या भिंतीवर अमिताभ बुद्धाच्या बाजूला एक बोधिसत्त्व उभा होता. जपानी लोक त्याला कान्नोन म्हणतात. तो आपला अवलोकितेश्वर. आगीपूर्वीच्या छायाचित्रात त्याच्याकडे बघताना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवतोच. तोच किंचित झुकलेला देह, तीच अर्धी मिटलेली लांब नजर, अंगाची गोलाई दाखवायला कडेकडेने दिलेली तांबूस छटा. अजिंठ्याचा कोणी चितारी जपानला पोहोचला असं कोणी म्हणत नाही. ही रीत मध्य आशियातून, तुनहुआंगच्या लेण्यांवरून, थांग राजवटीच्या चीनमधून टप्प्याटप्प्याने सरकत गेली आणि वाटेत बदलली. होर्यूजीची रेघ अजिंठ्याच्या रेघेपेक्षा कडक आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. तरी घराणं एकच आहे, हे कोणाच्याही लक्षात यावं.

हे नातं एका माणसाने आपल्या हातांनी तपासलं होतं. आराई काम्पो हा जपानी चित्रकार १९१६मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला आला. जोडासाँकोच्या वाड्यात त्याने जपानी शाईचित्रण शिकवलं आणि १९१८मध्ये परतण्याआधी अजिंठ्याला मुक्काम करून तिथल्या चित्रांच्या नकला केल्या. पुढे १९४०मध्ये होर्यूजीच्या नकलांचं काम निघालं तेव्हा नेमलेल्या प्रमुख चित्रकारांमध्ये तो होता. वाघूर नदीच्या काठावरची भिंत आणि इकारुगातली भिंत, दोन्हींसमोर महिनोन्महिने बसलेला असा दुसरा चित्रकार मला माहीत नाही. १९४५मध्ये, होर्यूजीच्या कामाला परत निघालेला असताना, प्रवासातच त्याचा मृत्यू झाला. आग त्याने पाहिली नाही.

एक आग मात्र त्याने अनुभवली होती. अजिंठ्यात केलेल्या त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३च्या भूकंपानंतर पेटलेल्या आगीत त्या खाक झाल्या. अजिंठ्याच्या नकलांच्या नशिबी आगच लिहिलेली असावी. रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं लेण्यांत बसून रंगवलेले कॅनव्हास – गिल आणि पारोची गोष्ट महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे मराठी घरांत पोहोचली – लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली बहुतेक सगळे जळाले. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा काम केलं. त्यातल्या पुष्कळ नकला १८८५मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात जळाल्या. आमच्याकडे नकला जळाल्या आणि मूळ चित्रं राहिली. होर्यूजीत मूळ चित्रं जळाली आणि अर्ध्यामुर्ध्या नकला राहिल्या.

जपानने त्या आगीनंतर जे केलं ते मला मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी, १९५०मध्ये, सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा नवा कायदा आला. २६ जानेवारी हा दिवस देशभरातल्या जुन्या वास्तूंसाठी अग्निसुरक्षेचा दिवस ठरला. त्या दिवशी आजही होर्यूजीत पाण्याचे फवारे सोडून सराव होतो. जळक्या भिंती पाडल्या नाहीत, टाकल्या नाहीत. करपलेल्या खांबांसह त्या वेगळ्या कोठारात, होत्या तशा रचनेत उभ्या केल्या. १९३५मध्ये मूळ आकारात घेतलेली छायाचित्रं हाताशी होती. त्यांच्या आणि जुन्या नकलांच्या आधाराने नामवंत चित्रकारांच्या गटांनी १९६७-६८मध्ये बाराही चित्रं नव्याने रंगवली. आज कोन्दोच्या अंधुक उजेडात आपल्याला दिसतात ती हीच. काही प्रवासी हे कळल्यावर हिरमुसतात. मला उलट वाटतं. तिथे उभं राहून आपण एका पिढीने दुसऱ्या पिढीकडे सोपवलेलं काम बघत असतो, आणि नारा प्रांतात जिथे जावं तिथे याहून निराळं काही दिसत नाही.

* * *

नारा शहर ७१० ते ७८४ या काळात जपानची राजधानी होतं. तेव्हा त्याचं नाव हेइजो-क्यो. राजधानी हलली, मंदिरं मागे राहिली. होर्यूजी त्याहूनही जुनं आहे: राजपुत्र शोतोकूने ६०७मध्ये ते स्थापलं असं परंपरा सांगते, ६७०मध्ये ते जळाल्याची नोंद जुन्या इतिहासग्रंथात आहे, आणि आजच्या इमारती त्यानंतरच्या. नारा स्थानकातून लोकल गाडीने दहा-बारा मिनिटांत होर्यूजी स्थानक येतं, तिथून वीसेक मिनिटं चालायचं. पाइनची झाडं दुतर्फा असलेला रस्ता सरळ दरवाजाशी नेतो.

आवारात शिरल्यावर नजर जाते ती पाच छपरांच्या पॅगोड्याकडे. उंची सुमारे ३२ मीटर. मधोमध वरपासून खालपर्यंत एकच खांब आहे. त्याच्या वाढीच्या वर्तुळांवरून अभ्यासकांनी शोधून काढलं की ते झाड ५९४मध्ये तोडलेलं होतं. हा खांब मजल्यांचा भार पेलत नाही. पाचही मजले त्याच्याभोवती एकमेकांवर रचलेले आहेत, आणि भूकंपात ते वेगवेगळे डोलतात. इतक्या शतकांत इतके धक्के बसूनही पॅगोडा उभा राहिला, त्यात या रचनेचा मोठा वाटा मानतात.

लाकूड इतकं टिकतं कसं, हे या गावातल्या एका सुताराने जन्मभर लोकांना समजावून सांगितलं. निशिओका त्सुनेकाझू (१९०८–१९९५) यांचं घराणं होर्यूजीच्या मंदिर-सुतारांचं. आजोबांनी नातवाला सुतारकाम शिकवलं, पण शाळेत घातलं ते शेतकीच्या. ज्याला माती कळत नाही त्याला झाड कळणार नाही, असा त्यांचा हिशोब. घराण्यात तोंडी चालत आलेली शिकवण अशी की मंदिरासाठी लाकूड विकत घेऊ नये, डोंगर घ्यावा, आणि झाड डोंगरावर ज्या दिशेला तोंड करून वाढलं त्याच दिशेला त्याचा खांब इमारतीत लावावा. दक्षिण उतारावरच्या झाडाच्या दक्षिण अंगाला गाठी जास्त असतात. तो भाग उन्हातान्हाला सरावलेला असतो. होर्यूजीच्या दक्षिणेकडच्या खांबांवर गाठी जास्त दिसतात त्या यामुळे.

विसाव्या शतकातल्या मोठ्या दुरुस्तीत निशिओकांनी या इमारती स्वतःच्या हाताने उकलल्या. छपरावरची कौलं आणि खालची माती उतरवल्यावर शतकानुशतकं वाकून राहिलेले वासे काही दिवसांत हळूहळू पुन्हा वर उचलले गेले, असा त्यांचा अनुभव. जुन्या तुळईवर रंधा फिरवला की हिनोकीचा, म्हणजे जपानी सायप्रसचा, ताजा वास येई. या लाकडावर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ कोहारा जिरो यांनी दाखवलं की हिनोकी तोडल्यावर पहिली दोनशे वर्षं अधिकाधिक मजबूत होत जातं, मग फार सावकाश उतरणीला लागतं, आणि हजार वर्षांनी जेमतेम तोडतेवेळच्या ताकदीवर येतं. हे वाचल्यावर होर्यूजीच्या खांबावर हात ठेवताना वेगळंच वाटतं. फुगीर मध्य, तळाशी झिजलेले कंगोरे, कीड लागलेला भाग कापून बसवलेले नव्या लाकडाचे तुकडे. हे तुकडे नीट बघावेत. ठिगळ इतक्या बेमालूमपणे बसवलेलं असतं की सांधा शोधायला बोट फिरवावं लागतं.

त्याच निशिओकांच्या हातचं नवं काम पाहायचं तर याकुशीजी मंदिरात जावं. इथे दोन पॅगोडे समोरासमोर आहेत. पूर्वेकडचा ७३०चा, राखाडी पडलेला. पश्चिमेकडचा १९८१चा, शेंदरी-हिरवा, नवाकोरा. मूळ पश्चिम पॅगोडा १५२८मध्ये जळाला होता. नवा बांधताना निशिओकांनी तो जुन्यापेक्षा सुमारे फूटभर उंच ठेवला, लाकूड दबत दबत कित्येक शतकांनी दोघांची उंची जुळावी म्हणून. मुख्य पूजागृहाच्या वेळी सरकारी तज्ज्ञांनी आगीच्या भीतीने आत काँक्रीटचा गाभारा घालायला लावला. निशिओकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही: काँक्रीट शंभर वर्षांचं, लाकूड हजाराचं, दोन्हींची मोट कशी बांधायची? मला त्यांची बाजू पटते, पण १९४९नंतर त्या तज्ज्ञांनी दुसरं काय करायचं होतं, हेही कळतं.

या बांधकामाचा पैसा कुठून आला, ती हकिकतही सांगण्यासारखी आहे. मठाधिपती ताकादा कोइन यांनी मोठ्या कंपन्यांच्या देणग्या घेण्याऐवजी १९६८पासून सामान्य माणसांना साद घातली: प्रज्ञापारमिताहृदयसूत्र हाताने लिहून काढा आणि त्यासोबत एक हजार येन द्या. अशा दहा लाख प्रती जमवायच्या ठरल्या. त्या जमल्या, आणि १९७६मध्ये पूजागृह उभं राहिलं. सूत्र लिहायची सोय तिथे आजही आहे, आणि परक्या प्रवाशालाही कोणी अडवत नाही. दाराशी तोंड शुद्ध करायला एक लवंग तोंडात ठेवायला देतात. मग हत्तीच्या आकाराचं छोटं धूपपात्र ओलांडून आत पाऊल टाकायचं, म्हणजे अंगाला धूप लागतो. गळ्यात पट्टा, समोर दौत, कुंचला आणि पातळ कागद. कागदाखालून छापील अक्षरं दिसतात, त्यांच्यावरून गिरवत जायचं. पावणेतीनशेच्या आसपास चिनी अक्षरं आहेत. ज्याला एकही वाचता येत नाही त्यालाही तासाभरात लक्षात येतं की काही अक्षरं पुन्हापुन्हा येताहेत. लवंगेने जीभ बधिर झालेली, पाय अवघडलेले, शाईचा वास आणि शेजारी कुंचला टेकवल्याचा बारीकसा आवाज. लिहिलेला कागद मंदिरातच ठेवून यायचा. याच सूत्राची ताडपत्रावरची फार जुनी संस्कृत प्रत होर्यूजीने शतकानुशतकं सांभाळली. आता ती तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

* * *

नारा प्रांताच्या पश्चिमेला, ओसाकाच्या सीमेवर, इकोमा नावाचा डोंगर आहे. पर्यटक इथे फारसे येत नाहीत. मराठी माणसाने मात्र जावं. स्थानकापासून डोंगरावर चढणारी दोरखंडाची रेल्वे १९१८पासून चालू आहे, जपानमधली पहिली. वरचं होझानजी हे मंदिर तांकाई या भिक्षूने १६७८मध्ये स्थापलं. इथे मोठी गर्दी असते ती शोतेन-सान या देवाकडे, आणि हा देव म्हणजे विनायक. हत्तीचं मस्तक असलेल्या दोन आकृती एकमेकींना आलिंगन देऊन उभ्या, असं त्याचं रूप; मूर्ती कधीच कोणाला दाखवत नाहीत. नैवेद्याला मुळे. दोन एकमेकांत गुंफलेले मुळे आणि पैशांची थैली, ही चिन्हं पायऱ्यांपासून कंदिलांपर्यंत कोरलेली. या देवाला वाहायचा तळलेला गोड पदार्थही आहे, आत सारण भरून वर मोदकासारखी चुणी घातलेला. ओसाकाचे व्यापारी, हॉटेलवाले इथे धंद्यासाठी नवस बोलतात. देव कडक आहे, बोललेलं फेडलं नाही तर सोडत नाही, असं मानतात. जपानी कथा सांगते की उग्र विनायकाला शांत करायला अकरा मुखांच्या कान्नोनने स्त्रीरूप घेतलं. मूर्तीतली दुसरी आकृती तीच. ही अकरा मुखांची कान्नोन पुढे पुन्हा भेटणार आहे.

नारा शहरात परतल्यावर कोफुकुजी मंदिराच्या संग्रहालयात असुराची मूर्ती पाहायची. ७३४ची, कापडावर लाखेचे थर देऊन केलेली, आत पोकळ, म्हणून हलकी. आग लागली की भिक्षू ती उचलून पळत, त्यामुळे ती वाचली असं सांगतात. तीन मुखं, सहा बारीक हात. आपल्या कथांतला असुर डोळ्यांसमोर ठेवून गेलेला माणूस तिथे थबकतो, कारण समोर एक कोवळा मुलगा उभा असतो, भुवया जुळवून, काहीतरी चुकलंय हे नुकतंच कळल्यासारखा.

कासुगा तैशा हे शिंतो देवस्थान ७६८चं, फुजिवारा घराण्याचं. देव पांढऱ्या हरणावर बसून आला, म्हणून हरणं त्याची. गावात हिंडणारी हजाराहून अधिक हरणं प्रवाशांच्या हातातली बिस्किटं मान लववून मागतात, आणि प्लॅस्टिकही खातात. २०१९मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटातून किलोकिलोने प्लॅस्टिक निघालं. खाऊचं वेष्टन खिशात ठेवावं, एवढं तरी पाहुण्याकडून व्हायला हवं. देवस्थानामागच्या डोंगरावर शिकार आणि झाडतोड ८४१पासून बंद आहे. शहराला लागून इतकं जुनं राखीव रान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आवारात दगडी आणि टांगलेले मिळून तीन हजारांच्या आसपास कंदील. फेब्रुवारीत आणि ऑगस्टच्या १४-१५ तारखांना ते सगळे पेटवतात. दर वीस वर्षांनी देवळाची डागडुजी ठरलेली; २०१६मध्ये झालेली साठावी होती. मुख्य गाभाऱ्यांना लावलेला तांबडा रंग शुद्ध हिंगुळाचा. एखादं काम वीस वर्षांनी करायचं ठरवलं की विशीत शिकलेला कारागीर चाळिशीत ते स्वतः करतो आणि साठीत दुसऱ्याला शिकवतो. हे गणित कोणी कधी मांडलं ठाऊक नाही, पण बिनचूक आहे.

* * *

आता तोदाईजी मंदिर, आणि तिथला महाबुद्ध. ७३५ ते ७३७मध्ये देवीच्या साथीने जपान होरपळलं. प्रजेचा मोठा भाग गेला. दरबारावर सत्ता चालवणारे फुजिवारा घराण्याचे चारही भाऊ एकाच वर्षात गेले. सम्राट शोमूने ७४३मध्ये वैरोचन बुद्धाची प्रचंड मूर्ती घडवायचं फर्मान काढलं, आणि त्यात म्हटलं की कोणी गवताची एक काडी किंवा मूठभर माती घेऊन आला तरी त्याला सामील करून घ्यावं. ज्या ग्योकी नावाच्या भिक्षूवर पूर्वी दरबाराची वक्रदृष्टी होती, त्यालाच गावोगावी हिंडून लोकांना या कामात आणायची जबाबदारी दिली. सुमारे पंधरा मीटर उंचीची ब्राँझची मूर्ती आठ टप्प्यांत ओतली गेली. ७५२मध्ये नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. डोळे रेखले ते एका भारतीयाने: बोधिसेन, दक्षिण भारतातला भिक्षू, ७३६मध्ये चीनमार्गे जपानला आलेला. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब निळा रेशमी दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे सगळ्यांनी मिळून रेखले. तो कुंचला आणि दोर मंदिरामागच्या शोसोइन या कोठारात आजही आहेत. त्या कोठारातल्या निवडक वस्तू नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडे दिवस मांडतात. कोणत्या वर्षी काय निघेल ते ठरलेलं नसतं.

आज जो बुद्ध दिसतो तो सगळा ७५२चा नाही. ११८०च्या युद्धात मंदिर जळालं. चोगेन या भिक्षूने एकसष्टाव्या वर्षी पुनर्बांधणी हाती घेतली आणि पुरी केली. दक्षिणेचा महादरवाजा ११९९चा, त्याच्याच वेळचा. त्यातले आठ मीटरहून उंच दोन द्वारपाल उन्केई, काइकेई आणि त्यांच्या साथीदारांनी १२०३मध्ये ६९ दिवसांत घडवले. १५६७मध्ये पुन्हा आग. त्यानंतर कित्येक दशकं महाबुद्ध उन्हापावसात उघड्यावर बसून होता. कोकेई नावाच्या भिक्षूने गावोगाव भिक्षा मागून पैसा जमवला. सभागृह पुरं झालं १७०९मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. पैसा आणि मोठी झाडं, दोन्ही अपुरी पडली, म्हणून रुंदी ८६ मीटरवरून ५७वर आणली. छप्पर पेलणाऱ्या दोन अजस्र तुळया दूर दक्षिणेतून, क्यूशू बेटावरून आणल्या. मूर्तीचं मस्तक याच काळातलं, आणि खालच्या कमळाच्या काही पाकळ्या मात्र मूळच्या, आठव्या शतकातल्या. त्यांच्यावरचं बारीक कोरीवकाम बघायला मूर्तीच्या मागच्या बाजूला जावं. तिथे खांबाला एक भोक आहे, बुद्धाच्या नाकपुडीएवढं. पोरं त्यातून सरपटत पलीकडे निघतात आणि आया टाळ्या वाजवतात.

मूर्ती जळाली, मस्तक बदललं, सभागृह आखडलं. ७५२पासून एकदाही न तुटलेली गोष्ट तोदाईजीत एकच आहे, आणि ती इमारतीत नाही. शेजारच्या टेकडीवर निगात्सुदो, म्हणजे दुसऱ्या महिन्याचं सभागृह, आहे. तिथे दर वर्षी १ ते १४ मार्च शुनिए नावाचं व्रत होतं. अकरा भिक्षू अकरा मुखांच्या कान्नोनपुढे सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतात. सगळ्यांच्या म्हणजे खरोखर सगळ्यांच्या: राज्याच्या, प्रजेच्या, जिवंतांच्या आणि गेलेल्यांच्या. ७५२मध्ये जित्चू या भिक्षूने ते सुरू केलं. ११८०च्या आगीनंतर मंदिराने यंदा नको म्हटलं तेव्हा काही भिक्षू हट्टाने उभे राहिले. १५६७नंतरही झालं. १६६७मध्ये व्रत चालू असतानाच निगात्सुदो जळालं. उरलेले दिवस शेजारच्या सभागृहात पुरे केले आणि दोन वर्षांत नवं निगात्सुदो बांधलं. महायुद्धात झालं. २०२१च्या साथीत अकरा जण नेहमीपेक्षा आधीपासून विलग राहिले, आणि झालं.

तयारी २० फेब्रुवारीपासून असते. भिक्षू वेगळ्या घरात राहायला जातात. शुद्ध केलेल्या वेगळ्या विस्तवावर शिजवलेलं जेवतात, बाहेरच्या विस्तवावर हातही शेकत नाहीत. तिथे ते कान्नोनसाठी कागदाची कॅमेलियाची फुलं करतात. तांबडा कागद करडईच्या फुलांनी रंगवलेला, पिवळा केसर गार्डेनियाच्या फळांनी. स्वतःसाठी जाड कागदाचे अंगरखेही करतात. व्रतात दिवसाला एकच जेवण, दुपारी. त्यानंतर मध्यरात्रीनंतर पूजा संपेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही.

लोक जमतात ते संध्याकाळी मशाली पाहायला. सातच्या सुमाराला आवारातले दिवे घालवतात. एकेका भिक्षूला वाट दाखवायला एकेक मशाल, सहा-सात मीटर लांब बांबूच्या टोकाला बांधलेली. सेवेकरी ती खांद्यावर घेऊन पायऱ्या चढतो, सज्जाच्या कोपऱ्यावर कठड्याबाहेर धरतो, गरगर फिरवतो, आणि मग सज्जाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटतो. खाली उभ्या माणसांवर ठिणग्यांचा पाऊस पडतो. अंगावर पडलेली ठिणगी वर्षभर रोगराई दूर ठेवते अशी श्रद्धा आहे, म्हणून कोणी मागे सरत नाही. लाकडी इमारतीच्या छपराखाली, तीही एकदा याच व्रतात जळालेली असताना, हे चालतं. ठिणग्या विझवायला झाडू घेऊन माणसं मागोमाग धावत असतात. मशाली संपल्या की आयाबाया, म्हातारे जमिनीवरची जळकी काटकी शोधून रुमालात बांधतात.

बहुतेक लोक इथून घरी जातात. खरं व्रत त्यानंतर, आत चालतं. लाकडी तळाची पादत्राणं घातलेल्या भिक्षूंचा फळ्यांवरचा खडखडाट, गुडघा फळीवर आपटून घातलेला दंडवत, शंख. कान्नोनचं नाव आधी पूर्ण, मग तोडून, मग आणखी तोडून, वाढत्या लयीत, इतकं की शेवटी एक-दोन अक्षरंच उरतात. ती मूर्ती कोणी पाहिलेली नाही. व्रत करणारे भिक्षूही तिला पाहत नाहीत. बायकांना आतल्या भागात प्रवेश नाही, बाहेरच्या जाळीबंद खोल्यांतून ऐकायचं. जे व्रत सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतं त्याने अर्ध्या जगाला जाळीआड बसवावं, हे मला सलतं.

विशेषतः एक नाव ऐकल्यावर. पाच आणि बारा तारखेच्या रात्री मंदिराशी संबंधित दिवंगतांची यादी मोठ्याने वाचतात, सम्राट शोमूपासून सुरुवात करून. तेराव्या शतकाच्या आरंभी एका रात्री, सांगतात, ही यादी वाचणाऱ्या भिक्षूसमोर निळ्या वस्त्रातली एक स्त्री उभी राहिली आणि तिने विचारलं की माझं नाव का वगळलंस? भिक्षूला तिचं नाव ठाऊक नव्हतं. त्याने आवाज खाली आणून वाचलं: निळ्या वस्त्रातली स्त्री. ती दिसेनाशी झाली. तेव्हापासून दर वर्षी यादीत त्या जागी आल्यावर वाचणारा आवाज खाली आणतो आणि तिला हाक मारतो. जाळीआड बसलेल्या बायका नेमकी तेवढी ओळ ऐकायला थांबलेल्या असतात.

बारा तारखेला मशाली जास्त मोठ्या असतात, सुमारे ७० किलोंच्या. त्या रात्री दीडच्या सुमाराला पायऱ्यांखालच्या विहिरीतून कान्नोनसाठी पाणी काढतात. हे पाणी उत्तरेकडच्या वाकासाहून भूमिगत वाटेने येतं असं मानतात. तिकडचा देव मासेमारीत रमला आणि व्रताला उशिरा पोहोचला, म्हणून त्याने भरपाईदाखल पाणी देऊ केलं. तेव्हा खडक फोडून एक काळा आणि एक पांढरा पाणकावळा वर आला आणि मागोमाग झरा. वाकासातल्या ओबामा गावी २ मार्चच्या रात्री नदीत पाणी सोडतात. दहा दिवसांनी ते नाराला पोहोचतं. काढलेलं पाणी आत एका जुन्या रांजणात ओततात. त्यात पहिल्या वर्षीच्या पाण्याचा अंश आहे आणि दर वर्षी त्यातच भर पडते, अशी धारणा आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: पुढच्या मार्चच्या अकरा भिक्षूंची नावं १६ डिसेंबरला, तोदाईजीचा पहिला मठाधिपती रोबेन याच्या स्मृतिदिनी, जाहीर होतात. बारा तारखेला गर्दी इतकी लोटते की पुष्कळांना निगात्सुदोच्या पायथ्यापर्यंत पोहोचताच येत नाही. चौदा तारखेला सगळ्या मशाली सज्जावर एकदम रांगेत येतात, पण ते दृश्य काही मिनिटांतच संपतं. पहिल्या आठवड्यातली एखादी साधी रात्र निवडावी. तासभर आधी उतारावरच्या हिरवळीत जागा धरावी. अंगावर सुती किंवा लोकरी कपडे असावेत, कृत्रिम धाग्याचे नकोत. ठिणगीने त्यांना भोकं पडतात. आणि मशाली विझल्यावर लगेच निघू नये. पायऱ्या चढून वर जावं, जाळीआडच्या खोलीत जागा मिळते का विचारावं. ज्याला ती स्त्री ऐकायची असेल त्याने पाच तारीख धरावी.